रात्री दोन वाजता चॅटबॉटशी बोलावं का?

झोपेच्या तक्रारी लिहिणाऱ्या तरुण वाचकांच्या पत्रांत हल्ली चॅटबॉटचा उल्लेख वरचेवर येतो. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहे.

प्रश्न : वय २१. रात्री अकराला अंथरुणावर पडतो, पण दोनपर्यंत डोळा लागत नाही. चार महिने असंच चाललंय. गोळ्या घ्यायच्या नाहीत. चॅटबॉटकडून थेरपी मिळते असं ऐकलं. खरंच मिळते का?

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर आधी गोळी द्यायची नसतेच. आधी द्यायची ती सीबीटी-आय, म्हणजे झोपेभोवतीच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांसाठी हीच शिफारस केली. अडचण एवढीच की ही थेरपी शिकलेले तज्ज्ञ गरजेच्या मानाने फार थोडे आहेत. म्हणून ती संगणकावरून आणि फोनवरून देण्याचे प्रयत्न झाले, आणि ते यशस्वीही ठरले. 'सॉमरिस्ट' या ॲपला एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये मान्यता दिली, तर उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये 'स्लीपिओ' या अशाच कार्यक्रमाची शिफारस केली.

हे कार्यक्रम ठरावीक धड्यांचे आहेत. लोक ते उत्साहाने सुरू करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, ही त्यांची मोठी दुखरी बाजू. चॅटबॉटचा उपयोग मला दिसतो तो इथे. तो रोज सकाळी विचारतो, आठवण करतो, अडलं तर समजावतो. मात्र या धड्यांच्या कार्यक्रमांमागे जेवढं संशोधन उभं आहे, तेवढं अजून चॅटबॉटमागे नाही.

निवड करताना एक गोष्ट पाहा. बॉट तुमच्याकडून रोज झोपेची डायरी भरून घेतो का? किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलात? डायरीशिवाय सीबीटी-आय होत नाही. नुसतं 'संध्याकाळी कॉफी नको, खोलीत अंधार ठेवा' एवढंच सांगत असेल, तर सल्ला चुकीचा नाही; पण तेवढ्याने जुना निद्रानाश हटत नाही.

प्रश्न : मी रात्री जाग आली की पडल्या पडल्या चॅटबॉटशी बोलते. मन हलकं होतं, पण झोप काही येत नाही. असं का?

या प्रश्नासाठी मी तुमची आभारी आहे, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे.

रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक साधी पद्धत मांडली. निद्रानाशात अंथरूण आणि जागेपण यांची सांगड बसते. रात्रीमागून रात्र तिथे काळजी केली, कुशी बदलल्या, फोन पाहिला, की मेंदू शिकतो : ही जागण्याची जागा. ही सांगड मोडायची तर झोप अनावर झाल्यावरच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं, घड्याळ न पाहता. मंद उजेडात काहीतरी शांत करायचं आणि पेंग आली की परत यायचं. सकाळी उठण्याची वेळ रोज तीच. दुपारची डुलकी बंद.

आता तुमच्या रात्री पाहा. अंथरुणात गप्पा, त्याही स्वतःच्या काळज्यांवर, आणि समोरचा कधीच थकत नाही. प्रत्येक उत्तरामागून तो नवा प्रश्न विचारतो आणि तुम्ही आणखी जाग्या होता. लोक स्क्रीनच्या उजेडाला दोष देतात; मला तो संवाद जास्त जागवणारा वाटतो. शिवाय जाग आली की कोणीतरी ऐकायला आहे, हे मेंदूला बक्षीसच वाटतं.

बोलणं बंद करू नका, त्याची वेळ बदला. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं ठरवून काळजीसाठी ठेवा. त्या वेळी बॉटशी मनसोक्त बोला, उद्याच्या कामांची यादी करा. फोन रात्री हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. एकाच खोलीत राहत असाल तर पलंगावरून उठून खुर्चीत बसलात तरी चालेल. झोपेसाठी नीट विचार करून बनवलेला बॉट असेल, तर रात्री दोनला तो तुम्हाला दोन ओळींत 'उठा, दिवा मंद ठेवा, सकाळी बोलू' असं सांगेल आणि थांबेल. या एका गोष्टीवरून मी बॉटची पारख करते.

प्रश्न : चॅटबॉटने मला फक्त सहा तास अंथरुणावर राहायला सांगितलं. दिवसभर डोकं जड होतं. तसं सांगितल्यावर त्याने लगेच आठ तास करून दिले! मग आधीचं चुकलं होतं का?

आधीचं बहुधा बरोबर होतं, नंतरचं चुकलं.

अंथरुणावरची वेळ कमी करण्याची ही पद्धत सीबीटी-आयचाच भाग आहे; निद्रानाशाचे अभ्यासक आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये मांडली. समजा, तुम्ही अकरा ते आठ असे नऊ तास पडून असता आणि डायरीप्रमाणे झोप सहाच तास होते. म्हणजे अंथरुणावरच्या वेळेपैकी जेमतेम ६७ टक्के झोप. मग वेळ सहा तासांवर आणायची : रात्री एकला पडायचं, सकाळी सातला उठायचं. दिवसभर अधूनमधून काहीबाही खात राहिलं की जेवणाच्या वेळी भूक मरते, तसंच झोपेचं आहे. ती साठू द्यावी लागते. आठवडाभरात हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवायची, मग पुन्हा पंधरा. पाच तासांच्या खाली मात्र कधी जायचं नाही.

पहिले एक-दोन आठवडे खरोखर जड जातात. त्या दिवसांत पेंग येत असेल तर गाडी चालवू नका. आणि इथेच सर्वसाधारण चॅटबॉटची उणीव उघडी पडते. समोरच्याच्या मनासारखं बोलण्याकडे त्याचा ओढा असतो, आणि या थेरपीला नेमका प्रेमाने 'नाही' म्हणणारा लागतो. वेळ वाढवायची की नाही हे डायरीतल्या आकड्यांनी ठरावं, तुमच्या विनवणीने नाही. बॉट लगेच नमत असेल तर तो बदला.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा पहाटे तीनला झोपतो आणि सुट्टीत अकरापर्यंत गाढ झोपतो. त्याला हा बॉट द्यावा का?

तीन ते अकरा म्हणजे आठ तास, तेही गाढ. हा निद्रानाश वाटत नाही. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं, काहींचं फारच. त्याचा उपाय वेगळा : सकाळी उठल्याबरोबर भरपूर उजेड, रात्री कमी, आणि उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे. त्याला आळशी म्हणू नका.

प्रश्न : मला बायपोलरचं निदान झालं आहे. मी एकट्याने असा कार्यक्रम केला तर चालेल?

नाही. झोप कमी केल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. अपस्मार असलेल्यांना जागरणाने फिट येऊ शकते. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी हवी. ज्यांच्या मनात जगण्याबद्दल नकोसे विचार येतात त्यांनी बॉटवर विसंबू नये. आजच, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. जो बॉट सुरुवातीलाच हे सगळं विचारत नाही, तो वापरू नका.

प्रश्न : उपयोग होतोय की नाही, हे कधी आणि कसं ठरवायचं?

सहा ते आठ आठवडे द्या. सुरुवातीला आणि शेवटी इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स ही सात प्रश्नांची चाचणी सोडवा. चांगले बॉट ती स्वतःच देतात. गुण ० ते २८. पंधरा किंवा अधिक म्हणजे मध्यम ते तीव्र त्रास, आठच्या खाली म्हणजे निद्रानाश नाही. आठ-नऊ गुणांनी घट झाली तर सुधारणा नक्की आहे. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या गाढ झोपेच्या टक्केवारीवर हे ठरवू नका. आकडा हलला नाही तर डायरी घेऊन झोपेच्या तज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पहिल्या भेटीत ते एक-दोन आठवड्यांच्या नोंदीच मागतात. तुमच्याकडे त्या तयार असतील.