एमआरआयमध्ये मानेत नस दबलीये असं आलंय, पण फिजिओ म्हणतात हाताचं दुखणं मनगटातलं आहे. त्यांना कसं कळलं?

मी स्वतः फिजिओ आहे, तर आमच्या बाजूने सांगतो. पेशंट आला की "पूर्ण हाताला मुंग्या येतात" असंच सांगतो. मी म्हणतो आज रात्री मुंग्या आल्या की लाइट लावून एकेक बोट चोळून बघा. दुसऱ्या दिवशी बरेच जण येऊन म्हणतात, अहो करंगळी तर चांगली आहे!

ही करंगळीच खूप काही सांगते. ती मोकळी, आणि अंगठा, पहिलं, मधलं बोट आणि अनामिकेची फक्त मधल्या बोटाकडची बाजू बधिर, म्हणजे मीडियन नस (या बोटांना संवेदना देणारी), आणि ती बहुतेक वेळा मनगटात दबते (याला कार्पल टनल म्हणतात). अनामिका अशी अर्धी-अर्धी होणं मानेच्या दुखण्यात सहसा दिसत नाही. त्यात रात्री उठून हात झटकावा लागत असेल तर मग संशय पक्काच. गोंधळ होतो तो मनगटातली कळ कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढते म्हणून.

मानेचं असलं तर मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर हलका दाब दिला की कळ सरळ हातात उतरते (हे घरी करून बघू नका हां). असे काही पेशंट बाहेर बाकावरच ओळखू येतात, हात डोक्यावर ठेवून बसलेले, कारण तसं बसलं की बरं वाटतं. शिवाय कोपर सरळ करायची ताकद आणि तिथला रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका) कमी वाटला तर सी७ ची, म्हणजे मानेतली सातवी नस बघायची.

माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या, रिपोर्टमध्ये सी५-सी६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये) बल्ज, म्हणजे गादी फुगलेली, म्हणून चार महिने मानेला पट्टा. मनगटं वाकवून धरायला सांगितली, या टेस्टला एक मिनिट देतो आपण, पण मिनिट व्हायच्या आतच "आलं आलं, हेच ते!" बल्ज खोटा नव्हता, पण चाळिशीनंतर तो काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडतो. त्यांना रात्री मनगटाला स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारी पट्टी) दिला आणि झोप लागायला लागली.

कधी कधी दोन्हीकडे दबलेलं असतं, तेव्हा एनसीव्ही (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ती टेस्ट) करून घ्यावी लागते. पण दोन्ही हातांनी शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातोय असं असेल तर फिजिओकडे नाही, आधी स्पाइनच्या डॉक्टरांकडे जा. आणि डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत जड वाटून घाम फुटला तर सरळ इमर्जन्सी.

पुढच्या व्हिजिटला जाताना कागदावर हाताचा ठसा काढा, मुंग्या येतात तेवढाच भाग पेनाने रंगवा, आणि फाइलच्या आधी तो कागद पुढे करा.