इथिओपियात शिवणकामाचं छोटं युनिट टाकायचं असेल, तर कामगार ठेवताना काय माहीत असावं?

"मजुरी स्वस्त आहे" एवढ्या एका वाक्यावर जाऊ नका.

मूळ कायदा २०१९ चा, क्रमांक ११५६. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. प्रोबेशन ६० कामाचे दिवस. बाळंतपणाची पगारी रजा १२० दिवस. दिवसाच्या ओव्हरटाइमला दीडपट, सुट्टीच्या वारी दुप्पट आणि सणाच्या दिवशी अडीचपट पैसे. पेन्शनमध्ये मालकाचे ११ टक्के, कामगाराचे ७.

खासगी नोकरीचं किमान वेतन मात्र या कायद्यानं ठरवून दिलेलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. तिथल्या हवासा शहरातलं इंडस्ट्रियल पार्क २०१६ मध्ये सुरू झालं. तिथल्या कपड्याच्या कारखान्यांत २०१९ च्या सुमारास मूळ पगार महिन्याला जेमतेम २६ डॉलर होता. खेड्यातून आलेल्या मुली खोलीभाडं आणि जेवण भागवून घरी काय पाठवणार? त्या काम सोडून जात. मालक पुन्हा नव्यांना शिकवत बसे. म्हणजे वाचवलेले पैसे ट्रेनिंगमध्येच जायचे. माझ्या मते पगाराआधी खोली, जेवण आणि येण्याजाण्याचा हिशोब मांडा.

मालाला गिऱ्हाईक कोण, तेही पाहा. जानेवारी २०२२ पासून अमेरिकेनं इथिओपियाच्या मालाची ड्युटी-फ्री सवलत काढून घेतल्यावर हवासात बऱ्याच जणींची नोकरी गेली.

आणि हो, शिफ्टची वेळ सांगताना जपून! तिथलं घड्याळ पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १ वाजलेला.