चिप डिझाइनमध्ये जायचं तर फॅबमध्ये (चिप बनते त्या कारखान्यात) काय चालतं ते शिकावं लागतं का?

रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात, व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) येतं, सीनियर म्हणतात फॅब्रिकेशन ऑप्शनला टाक, म्हणजे सोडून दे, आणि तुम्ही विचारताय, टाकू का, नाहीतर कोर्स कुठला करू. टाकू नका.

मी ले-आउटवाली, सर्किटाचे आकार चिपवर आखणारी. कुडाळची, पोटासाठी बंगळूरला. आमच्या घरी हा वाद दर गणपतीत होतो. चुलतभाऊ आरटीएल (चिपने काय करायचं त्याचा कोड) लिहितो, पगार माझ्याहून जास्त, त्यामुळे घरात त्याचंच खरं. गेल्या चतुर्थीला गणपतीवरची माटवी बांधता बांधता काकांना सांगत होता, "फॅब म्हणजे छापखानो. फाईल धाडली की झाला." काका माना डोलावतायत. मी खालून माटवीला बांधायची कवंडाळं देत होते, तिथूनच सुरू झाले.

म्हटलं, दादा, अँटेना इफेक्टचं काय? सर्किट बरोबर, सिम्युलेशन बरोबर, टायमिंगही बसलंय. मेटल-२ ची (तारांच्या दुसऱ्या थराची) एक लांबलचक तार एका ट्रान्झिस्टरच्या गेटला जाते आणि जिथून सिग्नल येतो त्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला ती मेटल-४ वरून जोडलेली आहे. पण चिप खालून वर, थराथराने बनते. मेटल-२ प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) कोरतात तेव्हा मेटल-४ जन्मालाच आलेला नसतो. तारेवर चार्ज साठतो, त्याला उतरायला ड्रेनची वाट नाही, मग तो काही नॅनोमीटर जाडीच्या गेट ऑक्साइडमधून (गेटखालच्या इन्सुलेटरमधून) घुसतो. ऑक्साइड तिथेच फुटतो, नाहीतर अर्धामुर्धा खराब होऊन गिऱ्हाइकाच्या हातात दगा देतो. उपाय डिझाइनमध्येच करावा लागतो: गेटजवळ तार तोडून वरच्या मेटलवर न्यायची, किंवा चार्ज उतरवायला शेजारी डायोड बसवायचा. हा डायोड सर्किटाचं काहीच काम करत नाही, वर कपॅसिटन्स वाढवतो. मेटल आणि गेटच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर किती चालेल तो आकडा फाउंड्री (चिप बनवून देणारी कंपनी) तिच्या पीडीकेत, म्हणजे तिच्या प्रोसेसच्या नियमांच्या संचात, देते. लेखकाने वाक्य किती लांब लिहावं हे कुठला छापखाना सांगतो?

दादा म्हणे, "ता टूल करता." करतं की. पण गच्च भरलेल्या ब्लॉकमध्ये वर जायला वाट नसते, डायोडला जागा नसते, तेव्हा रात्री फोन टूलला जात नाही, मला येतो.

बरं, हे ले-आउटपुरतंच आहे असंही नाही. तैवानच्या टीएसएमसी फाउंड्रीच्या एन५ प्रोसेसमध्ये एसरॅमचा (चिपवरच्या वेगवान मेमरीचा) सर्वांत दाट सेल ०.०२१ चौरस मायक्रॉनचा होता, त्यानंतरच्या एन३ई मध्येही तेवढाच राहिला. लॉजिक लहान झालं, मेमरी नाही. म्हणजे महागड्या नव्या प्रोसेसवर एसरॅमचाच बनलेला मोठा कॅश ठेवणं परवडेनासं होतं. एएमडीने झेन ४ च्या काही प्रोसेसरांमध्ये कोअर ५ नॅनोमीटरवर ठेवले आणि जादा कॅशची ७ नॅनोमीटरची वेगळी डाय (चिपचा तुकडा) कोअरच्या डायवर रचली. हा निर्णय आर्किटेक्टचा, दादाच्याही वरच्या माणसाचा.

कोर्स कुठला ते विचारलंत. पैसे भरण्याआधी स्कायवॉटर फाउंड्रीचा १३० नॅनोमीटरचा पीडीके घ्या, २०२० पासून सगळ्यांना खुला आहे. मॅजिक आणि केलेआउट ही ले-आउटची सॉफ्टवेअरंही फुकट. साधा इन्व्हर्टर काढा, डीआरसी (ले-आउट फॅबचे नियम पाळतो का ती तपासणी) चालवा आणि प्रत्येक एररला विचारा, हा नियम फॅबमधल्या कुठल्या पायरीमुळे आला? लिथोग्राफी (प्रकाशाने नक्षी छापणं), एचिंग (कोरणं) की सीएमपी (थर घासून सपाट करणं)? मुलाखतीत मी तरी हेच विचारते, आणि मार्कांच्या राशी घेऊन आलेली मुलं इथे गप्प होतात.

हां, फक्त व्हेरिफिकेशनमध्ये (लिहिलेलं डिझाइन बरोबर चालतं का ते तपासण्यात) जायचं असेल तर यातलं काही न येताही बरीच वर्षं निभतं. दादाचं तर आरटीएल लिहूनही निभलंय.