डॅलसला एच-फोरवर येतेस, तर ऑर्डर आणि बंदूक दोन्ही समजून घे

तू विचारलंयस, "होणारा नवरा टेक्सासमध्ये डॅलसजवळ एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी त्याची बायको म्हणून एच-फोर व्हिसावर जाणार. तिकडे घरोघरी बंदुका असतात म्हणे. उद्या त्याने मारहाण केलीच तर कोर्टाची संरक्षणाची ऑर्डर, म्हणजे त्याने छळू नये, जवळ येऊ नये असा हुकूम, वाचवते का?" लग्नाआधी असं अभद्र कशाला बोलायचं, म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

ऑर्डर मिळते. फी नाही आणि व्हिसाची अटही नाही. टेक्सासमध्ये आधी नवऱ्याला न बोलावता साधारण 20 दिवसांची तात्पुरती ऑर्डर देतात, मग दोघांचं ऐकून पक्की, बहुधा 2 वर्षांची. मेख इथेच आहे. ज्याच्याविरुद्ध अशी ऑर्डर आहे त्याने बंदूक बाळगणं 1994 पासून फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेला, गुन्हा आहे, पण त्याला नोटीस जाऊन म्हणणं मांडायची संधी मिळाल्यानंतरच. बायको कोर्टात गेल्याचं कळून तो पिसाळलेला असतो, नेमक्या त्या दिवसांत ही बंदी लागू नसते. मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बायकोच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट होतो, असं 2003 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं.

टेक्सासमधल्याच रहीमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये 8 विरुद्ध 1 मतांनी ही बंदी कायम ठेवली. पण त्याच कोर्टाने 2005 मध्ये कॅसल रॉक खटल्यात सांगितलं होतं, की पोलिसांनी ऑर्डर अंमलात आणलीच पाहिजे असा घटनात्मक हक्क बाईला नाही. त्या खटल्यातली कोलोरॅडोची आई नवऱ्याविरुद्ध ऑर्डर असूनही रात्रभर पोलिसांच्या मागे लागली होती आणि तिच्या तिन्ही मुली मारल्या गेल्या.

मी न्यू जर्सीत एका मैत्रिणीसोबत कोर्टात गेले होते. अर्जात 'शस्त्र कुठे आहे' या रकान्यात ती लिहीत होती, "घरात असेल कुठेतरी." खिडकीतल्या बाईंनी तिला थांबवलं. मग तिने लिहिलं: बेडरूम, डावं कपाट, वरची फळी, बुटांचं खोकं. पोलिसांनी तेच खोकं उचललं. टेक्सासमध्ये बंदूक जमा करायची पद्धत काउंटीगणिक (म्हणजे जिल्ह्यागणिक) बदलते, म्हणून हे स्वतःहून, ठासून सांगावं लागतं.

"एच-वन-बीवाल्याला बंदूक मिळतच नाही" यावरही विसंबू नकोस. शिकारीचा परवाना काढला की मिळते.

आता व्हिसा. तुझा एच-फोर त्याच्यावर लटकलेला, आणि ऑर्डर मोडल्याचं कोर्टाने ठरवलं तर तो देशाबाहेर जाऊ शकतो. या धाकाने आपल्या कितीतरी बायका गप्प बसतात. पण छळ झालेल्या एच-फोर बायकोला स्वतंत्रपणे काम करायचा परवाना मागता येतो. गुन्ह्याचा बळी ठरून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठीचा यू व्हिसाही आहे, फक्त वर्षाला 10,000 च, त्यामुळे रांग लांबलचक. वकिलाला मात्र स्वतःच्याच भेट, नवऱ्याच्या ऑफिसच्या नाही.

पासपोर्ट तुझ्याच ताब्यात ठेव, आय-94 (अमेरिकेत शिरल्याची नोंद) आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती आईकडे पाठव. डॅलसमध्ये 'चेतना' ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन 1-800-799-7233, दुभाषी मिळतो. नंबर फोनमध्ये दुसऱ्याच नावाने सेव्ह कर.