डीआय बॉक्सचे प्रश्न: पिझो, हम आणि गायब झालेला गायक

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच डबीभोवती फिरणारे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त 'कोणता डीआय घेऊ?' एवढंच हवंय. वाद्य कोणतं ते कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी; वीज न लागणारी ती पॅसिव्ह, वीज लागणारी ती ॲक्टिव्ह. डीआय तीन कामं करतो. वाद्याच्या नाजूक, हाय-इम्पीडन्स (म्हणजे करंट फारसा देऊ न शकणाऱ्या) सिग्नलवर मिक्सरचं ओझं पडू देत नाही. सिग्नल बॅलन्स्ड करतो, म्हणजे तो लांबवर स्वच्छ जातो. आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन यंत्रांची ग्राउंड एकमेकांपासून वेगळी ठेवता येतात. तक्रार आली की यातलं नेमकं कुठलं काम अडलंय, एवढंच मी आधी बघतो.

प्रश्न: माझ्या अकूस्टिक गिटारला ब्रिजखाली पिझो पिकअप आहे, आत प्रीॲम्प नाही. घरच्या ॲम्पवर छान वाजते. कार्यक्रमात पॅसिव्ह डीआयमधून गेली की पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी होते. साउंडवाले म्हणतात पिकअप बदला. बदलू का?

पिकअपला हात लावू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार आहे हा.

पिझो पिकअप तारांच्या कंपनाचा दाब विजेत बदलतो; विजेच्या भाषेत तो एक छोटा कपॅसिटर. कपॅसिटरच्या पुढे रेझिस्टन्स आला की हाय-पास फिल्टर तयार होतो, म्हणजे एका ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या खालचं सगळं कापलं जातं. ती रेषा कुठे पडणार हे समोरच्या इनपुटच्या इम्पीडन्सवर ठरतं. इनपुटचा इम्पीडन्स जितका कमी, तितका खालचा आवाज जास्त कापला जातो.

आता आकडे मांडू. पॅसिव्ह डीआयमधल्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर समजा १२:१ आहे. इम्पीडन्स त्याच्या वर्गाने बदलतो, म्हणजे १४४ पट. मिक्सरचा माइक इनपुट १ किलोओहमचा धरला तर गिटारला समोर १४४ किलोओहम दिसतात. पिझोची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरॅड धरा. फिल्टरची रेषा पडते साधारण ११०० हर्ट्झवर. आणि गिटारच्या सहा मोकळ्या तारा कुठून कुठे आहेत? ८२ पासून ३३० हर्ट्झपर्यंत. सहाच्या सहा तारांचे मूळ सूर त्या रेषेच्या खाली! सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर तर सुमारे २२ डेसिबलने पडतो. उरतो तो नखांचा टकटकाट आणि वरचे हार्मोनिक्स. हाच तुमचा पत्र्याचा डबा.

तीच गिटार १ मेगाओहम इनपुटला लावली की रेषा १६० हर्ट्झच्या आसपास येते. घरच्या ॲम्पवर बरी वाजते ती यामुळेच. १० मेगाओहमवर ती १६ हर्ट्झला जाते, म्हणजे काळजीच मिटली. केबलची कपॅसिटन्स धरली तर हे आकडे थोडे सरकतील, चित्र तेच राहील.

तेव्हा ॲक्टिव्ह डीआय घ्या आणि त्याच्या माहितीपत्रकात फक्त एक ओळ शोधा: इनपुट इम्पीडन्स. पिझोसाठी ५ ते १० मेगाओहम असेल तर उत्तम, १ मेगाओहमच्या खाली बघूच नका. मिक्सरवर बेस वाढवून हे दुरुस्त करायचा मोह होईल. करू नका. जे आत आलंच नाही ते वाढवताना मॉनिटरची घुमघुम तेवढी वाढते. व्हायोलिनला पिझो लावणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रश्न: 'पॅसिव्ह बासला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह बासला पॅसिव्ह डीआय' हा नियम खरा का?

नियम म्हणून ठीक, श्लोक म्हणून पाठ करू नका. ॲक्टिव्ह बासमध्ये बॅटरीवरचा प्रीॲम्प आधीच असतो. तो समोरच्या १४४ किलोओहमना भीक घालत नाही, उलट त्याचा सिग्नल इतका दणदणीत असू शकतो की स्वस्त ॲक्टिव्ह डीआयचं सर्किट आधी फाटतं. तिथे चांगल्या ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह बॉक्स निवांत काम करतो. सिग्नल वीसेक डेसिबल खाली येतो, पण माइक इनपुटला तेच हवं असतं.

पॅसिव्ह बास पॅसिव्ह डीआयमध्ये लावला तर पिझोसारखा अनर्थ होत नाही, कारण तिथे कपॅसिटर नाही, तारेचं वेटोळं आहे. वरची चमक मात्र थोडी दबते. बऱ्याच बासवाल्यांना ती दबलेलीच आवडते, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. डीआय वाद्याजवळ हवा, मिक्सरजवळ नाही. इन्स्ट्रुमेंट केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असते. २.५ हेन्रीचा सिंगल-कॉइल पिकअप ६ मीटर केबलवर ३८०० हर्ट्झच्या आसपास रेझोनन्स देतो, म्हणजे तिथे आवाजाला चमकदार उठाव मिळतो. केबल २० मीटर करा, तो घसरून २२०० वर येतो. गिटार तीच, हात तोच, पण आवाजावर कोणी घोंगडी टाकल्यासारखं होतं. लांबी काढायची तर ती डीआयच्या पुढे, एक्सएलआर केबलने (माइकची तीन पिनांची, बॅलन्स्ड) काढा.

प्रश्न: की-बोर्ड मिक्सरला जोडला की घोंऽऽ असा हम येतो. आमच्या एका मित्राने पॉवर प्लगची अर्थ पिन काढून टाकली, हम गेला. हे चालेल का?

नाही. ती पिन आजच परत बसवा, उत्तराचा उरलेला भाग नंतर वाचा.

अर्थ पिन हमसाठी नसते, जीव वाचवण्यासाठी असते. आत कुठे लाइव्ह वायर बॉडीला चिकटली तर करंट तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो करंट वाट बघत बसतो. मग वाजवणाऱ्याचा एक हात की-बोर्डच्या धातूच्या बॉडीवर आणि ओठ माइकच्या जाळीवर टेकले की त्याला वाट मिळते.

आता हम. की-बोर्ड एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर. दोन्ही अर्थ झालेले, पण दोन्हीकडचा अर्थ तंतोतंत एका पातळीवर नसतो. मध्ये ऑडिओ केबलच्या शील्डने तुम्ही त्यांना जोडलंत की एक वर्तुळ पूर्ण होतं आणि शील्डमधून मेन्सचा करंट वाहू लागतो. मेन्सच्या फ्रीक्वेन्सीप्रमाणे तो ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि त्यांच्या पटींत ऐकू येतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण हे वर्तुळ ऑडिओच्या बाजूने तोडतं, एक्सएलआरची पहिली पिन सोडवून. मेन्सचा अर्थ जिथल्या तिथे राहतो.

मी स्वतः एका साउंडचेकला अर्धा तास असा हम शोधत फिरलो आहे. केबल बदलल्या, चॅनल बदलला, डिमरला शिव्या घालून झाल्या. शेवटी दिसलं की डीआयच्या 'थ्रू' सॉकेटमधून (आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारं) एक केबल निघून मागच्या पडद्याआड वादकाच्या स्वतःच्या ॲम्पला गेली होती, आणि तो ॲम्प तिसऱ्याच सॉकेटवर होता. लिफ्ट दाबला, शांतता. तेव्हापासून हम आला की आधी मी थ्रूमध्ये काय खुपसलंय ते बघतो.

एक खोच: काही ॲक्टिव्ह डीआय फँटमवर (मिक्सर माइकच्या केबलमधून पाठवतो त्या विजेवर) चालत असताना लिफ्ट दाबूनही ग्राउंड पूर्ण सुटत नाही, कारण फँटमचा करंट परततो तोच पहिल्या पिनवरून. की-बोर्डला म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआयच बरा. की-बोर्डचं आउटपुट तसंही दमदार असतं, त्याला ॲक्टिव्हची गरज नाही. स्टिरिओ वाजवत असाल तर दोन.

प्रश्न: लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवतो. हेडफोनवर सगळं ऐकू येतं, हॉलमध्ये मात्र गायकाचा आवाजच गायब! बासही जातो. फाइल खराब आहे का?

फाइल ठणठणीत आहे, केबल चुकली आहे. तुम्ही बहुधा छोट्या स्टिरिओ जॅकपासून मोठ्या स्टिरिओ जॅकची केबल घेऊन ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये लावली आहे. लॅपटॉपच्या जॅकवर टोकाला डावा चॅनल असतो, कड्यावर उजवा. बॅलन्स्ड इनपुट मात्र टोक आणि कडं यांतला फरक तेवढा घेतो. डाव्यातून उजवा वजा झाला की दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं शून्य होतं. गायक, बास, किक ड्रम हे बहुतेक मिक्समध्ये बरोबर मधोमध असतात. राहतो तो रिव्हर्ब आणि कडेची वाद्यं.

स्टिरिओ डीआय घ्या, किंवा छोट्या जॅकमधून दोन मोनो जॅक निघणारी केबल घेऊन दोन चॅनल वापरा. चार्जर काढल्यावर किरकिर थांबत असेल तर तीही त्याच डीआयच्या लिफ्टने जाईल.

प्रश्न: ॲम्पच्या स्पीकर आउटमधून डीआय घेता येतो का?

डीआयवर 'स्पीकर' असं स्पष्ट लिहिलेलं बटण असेल तरच. १०० वॉटचा ॲम्प ८ ओहमवर २८ व्होल्ट देतो, हा काही इन्स्ट्रुमेंट सिग्नल नव्हे. ४० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारं सर्किट) त्याचे ०.२८ व्होल्ट करतो. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर स्पीकर जोडलेलाच ठेवा. डीआय म्हणजे लोड नव्हे; ॲम्पची ताकद झेलायला स्पीकरच लागतो. लोडशिवाय चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये बासचा डीआय आणि कॅबिनेटसमोरचा माइक, दोन्ही ट्रॅक वेगळे ऐकले की सुंदर. एकत्र केले की बासचं पोटच जातं. माइक कॅबिनेटपासून ३० सेंटिमीटरवर होता.

प्रश्नात अंतर दिलंत ते बरं झालं, त्याने निदान सोपं झालं. डीआयचा सिग्नल तारेतून जवळजवळ लगेच पोहोचतो. माइकपर्यंत आवाज हवेतून येतो, सेकंदाला ३४३ मीटरच्या वेगाने. ३० सेंटिमीटरला ०.८७ मिलिसेकंद लागतात, ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये ४२ सॅम्पल.

एवढ्या उशिराने दोन ट्रॅक एकमेकांना पुरते कापतात ते ५७० हर्ट्झच्या आसपास. चार तारी बासच्या सगळ्यात खालच्या ४१ हर्ट्झवर हा फरक जेमतेम १३ अंशांचा आहे, म्हणजे काहीच नाही. तळ जायचं कारण तो उशीर असूच शकत नाही. तुमच्या साखळीत कुठेतरी पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे बाजू, उलटली आहे: ॲम्पमध्ये, डीआयमध्ये, किंवा उलट्या सोल्डर केलेल्या केबलमध्ये. एका ट्रॅकवर पोलॅरिटीचं बटण दाबा, पोट परत येईल.

त्यानंतर मधला आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ वाटला तर तो उशिराचा भाग. माइकचा ट्रॅक झूम करून बघा, पहिल्या ठोक्याची सुरुवात डीआयच्या सुरुवातीशी जुळेपर्यंत मागे सरकवा. सुरुवात ४२ सॅम्पलने करा, पण शेवटचे दोन-चार कानाने ठरवा. ॲम्प डिजिटल असेल तर त्याचा स्वतःचा उशीर वर मिळतो, मग आकडा मोठा निघेल.

आणि खरं सांगायचं तर बासला माइक लागतोच असं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसन यांचा बास थेट कन्सोलमध्ये जात असे. दोन ट्रॅक भांडायला लागले की मी बहुतेक वेळा माइकचा बंद करतो.

प्रश्न: घरी रेकॉर्ड करतो. इंटरफेसवर 'इन्स्ट' बटण आहे. वेगळा डीआय हवा का?

नको. ते बटण म्हणजे आत बसवलेला डीआयच आहे, बहुतेक इंटरफेसवर १ मेगाओहमच्या आसपासचा. पैसे तारांच्या नव्या सेटवर घाला.

प्रश्न: इलेक्ट्रिक गिटार डीआयने घेतली की डिस्टॉर्शन डासासारखं गुणगुणतं. मग लोक डीआय ट्रॅक घेतात कशाला?

नंतर ॲम्प बदलता यावा म्हणून. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, आणि डिस्टॉर्शनचा तो करकरीत कचरा तिथेच वर असतो. स्पीकर वगळलात की गाळणीच गेली. कॅबिनेटचा सिम्युलेटर लावा, डास मरतो.

रेकॉर्ड करताना गिटार डीआयमध्ये, थ्रूमधून ॲम्पला, आणि डीआयचा कोरा ट्रॅक बाजूला ठेवून द्यायचा. टोकं उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पुढे तोच ट्रॅक रीॲम्प बॉक्समधून पुन्हा ॲम्पमध्ये पाठवता येतो. तो बॉक्स नसेल तर पॅसिव्ह डीआय उलटा जोडूनही भागतं, ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. फक्त उलट्या दिशेने तो सिग्नल बारा पटींनी चढवतो, तेव्हा इंटरफेसचं आउटपुट तळाशी ठेवून हळूहळू वर या. चॅनलचा फँटमही आधी बंद करा.