बहिणीला प्रवासाचं गिफ्ट कार्ड द्यावं का? आणि माझ्या रद्द तिकिटाचं क्रेडिट तिला देता येईल का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. ताई-भाऊजींना सुट्ट्यांच्या निमित्ताने प्रवासाचं गिफ्ट कार्ड द्यावं का, हा एक. आणि रद्द केलेल्या विमान तिकिटाचं तुमचं क्रेडिट पडून आहे तेच त्यांना देऊन टाकता येईल का, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तिथे उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येणार आहे. अ‍ॅपमध्ये कार्ड आणि क्रेडिट शेजारी शेजारी दिसतात, पण दोघांची जात वेगळी. गिफ्ट कार्ड म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. कोड ज्याच्या हातात त्याचे. क्रेडिट म्हणजे न वापरलेल्या तिकिटाची उरलेली किंमत, आणि ते तिकीट ज्याच्या नावावर होतं त्यालाच सहसा ते चिकटून राहतं. पैसे कोणी भरले होते, याला तिथे कोणी विचारत नाही. काही कंपन्या क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर करू देतात, तेही ठरावीक प्रकारच्या भाड्यावरच. म्हणून तुमच्या तिकिटाच्या अटी एकदा वाचाच.

वाचताना मुदतीची ओळ सोडू नका. ‘एक वर्ष’ असं लिहिलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी ते वर्ष तिकीट मुळात काढलं त्या दिवसापासून मोजतात, रद्द केलं त्या दिवसापासून नाही. तुम्हाला वाटतं दहा महिने हातात आहेत, आणि असतात चार.

आणि एक. तिकीट तुम्ही रद्द केलं होतं की विमान कंपनीनेच फेरी रद्द केली होती? कंपनीने केली असेल तर क्रेडिटवर समाधान मानण्याआधी रोख परताव्याचा हक्क आहे का ते बघा. युरोपीय संघाच्या 2004 सालच्या 261 क्रमांकाच्या नियमात अशा वेळी व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सहीनिशी संमती लागते, नाहीतर पैसेच परत करावे लागतात. बाकीच्या देशांचे नियम वेगवेगळे आहेत. पैसे परत मिळणार असतील तर हा सगळा प्रश्नच मिटला; त्यातून हवी ती भेट घ्या.

आता गिफ्ट कार्ड. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही त्यांना एका विमान कंपनीचं कार्ड दिलं. रक्कम चांगली घसघशीत वाटेल अशी टाकली होती. सासऱ्यांनी ते पाकिटासकट कपाटात नीट ठेवलं, आणि वर्षभर कोणीच त्याचं नाव काढलं नाही. मुदत संपून आठ दिवस झाल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, “अहो, ते कार्ड अजून चालतं का हो?”

नंतर कळलं की दोघांनी दोनदा तिकिटं बघितली होती. कार्डाच्या पैशात एकाचं जाणं-येणं होत होतं. दुसऱ्याचं तिकीट, मुक्काम, तिथला खर्च, हे सगळं पदरचं. भेट म्हणून मिळालेली वस्तू वापरायला तिच्या दुप्पट पैसे घालायचे, आणि तसं आम्हाला सांगायचं म्हणजे कमी दिलंत असं म्हटल्यासारखं होणार. भिडेपोटी दोघं गप्प बसले. कंपनीला मात्र पूर्ण रक्कम आधीच मिळालेली होती. आवळा आम्ही दिला, कोहळा तिने नेला.

म्हणून माझं मत असं झालंय की कार्डातून सहलीचा एखादा भाग तरी पूर्ण निघाला पाहिजे. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं निघत असेल तर विमानाचं कार्ड द्या. तेवढी ऐपत नसेल (माझी तेव्हा नव्हती, आणि ते मान्य करायला जीभ रेटत नव्हती), तर हॉटेलच्या दोन रात्री द्या. अर्ध्या विमानभाड्यापेक्षा पूर्ण दोन रात्री केव्हाही बऱ्या. त्यांना जिथे गाडीने सहज जाता येईल अशा ठिकाणच्या असतील तर आणखी बरं.

मुदतीबाबत कुठे कायदा आहे, कुठे नाही. अमेरिकेत 2009 च्या कायद्याने गिफ्ट कार्डातली रक्कम किमान पाच वर्षं चालली पाहिजे. आयर्लंडमध्ये 2019 पासून पाच वर्षं, ऑस्ट्रेलियात 1 नोव्हेंबर 2019 पासून तीन. पण कशावर तरी फुकट मिळालेलं, जाहिरातीचं कार्ड असेल तर ही हमी धरू नका. अमेरिकेच्या त्या कायद्यात तशी कार्डं येतच नाहीत. शिवाय मुदत कशाची, हे विचारा: तेवढ्यात बुकिंग झालं तरी पुरे, की प्रवासही संपायला हवा? यात कित्येक महिन्यांचा फरक पडतो.

पाच वर्षांची मुदत असली तरी कार्ड पाच वर्षं ठेवू नये. ब्रिटनमधली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी 1841 पासूनचा वारसा सांगायची, ती 23 सप्टेंबर 2019 ला एका रात्रीत बंद पडली. कंपनी बुडाली की कार्डवाला सहसा तारण नसलेल्या इतर येणेकऱ्यांबरोबर रांगेत उभा राहतो, आणि बँकांचे पैसे चुकते होईपर्यंत त्या रांगेला फारसं काही उरत नाही.

घेताना कार्ड थेट कंपनीच्या साइटवरून घ्या. दुकानात टांगलेल्या कार्डांचा कोड आधीच कोणीतरी खरवडून टिपून ठेवलेला असू शकतो. स्वस्तात दुसऱ्याकडून तर घेऊच नका. ताई दुसऱ्या देशात राहत असतील तर तिथल्या चलनात आणि तिथल्या साइटवर ते चालतं का, तेही बघून घ्या. आणि बुकिंग झालं म्हणून कार्ड फेकू नका, असं त्यांना आवर्जून सांगा: पुढे बेत बदलून तिकीट रद्द केलं तर परतावा बहुतेक वेळा त्याच कार्डावर येतो. हे मला एका मित्राच्या कचऱ्याच्या डब्यामुळे कळलं.

विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट, म्हणजे माइल्स, साठलेले असतील तर ते ताईंच्या खात्यात वळते करू नका, त्याला बरेचदा भरमसाट शुल्क लागतं. बहुतेक कंपन्या तुमच्या माइल्समधून दुसऱ्याच्या नावाचं तिकीट थेट काढू देतात. नाव मात्र पासपोर्टवर आहे तस्संच टाका.

पुढच्या वर्षी आम्ही सासू-सासऱ्यांना कार्ड दिलंच नाही. लॅपटॉप घेऊन एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तारखा त्यांनी सांगितल्या, बुकिंग तिथेच केलं. धक्का देण्याची मजा गेली, पण ते गेले तरी. तुम्हीही ताईंना आधी एवढंच विचारा की भाऊजींना रजा कोणत्या महिन्यात मिळते. आणि तुमचं क्रेडिट तुमच्याच नावावर अडकलेलं निघालं, तर त्याच तारखांना तुम्हीही त्यांच्याबरोबर निघा. तुमचं तिकीट त्यातून निघेल. मुदत कधी संपते ते मात्र आजच बघून घ्या.