मांडवाला नकार देता येईल का?

प्रश्न: न्यू जर्सीत एडिसनला माझा लग्नसमारंभांचा छोटा व्यवसाय आहे. मांडव, फुलांची सजावट, खुर्च्या, फोटो आणि मागणी असेल तर खास रचलेली मंगलाष्टकं. येत्या जूनसाठी दोन मुलांच्या लग्नाची विचारणा आली आहे. सप्तपदी वधू-वरांनीच घालायची, अशी माझी श्रद्धा आहे, त्यामुळे हे काम घ्यायचं नाही. आठ महिन्यांपूर्वी एका हिंदू-मुस्लिम जोडप्यालाही ‘आम्ही अशी लग्नं घेत नाही’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, तेव्हा काही झालं नाही. अमेरिकेत धर्मस्वातंत्र्य आहे ना?

उत्तर: आधी तो जुना मेसेज बघू, कारण खरा धोका तिथे आहे. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात धर्म आणि लैंगिक कल या दोन्ही कारणांनी ग्राहक नाकारायला मनाई आहे. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करायची मुदत 180 दिवसांची, ती टळली. पण सुपीरियर कोर्टात दाव्याला 2 वर्षं मिळतात, म्हणजे अजून सोळा महिने आहेत. तिथे नुकसानभरपाईवर समोरच्याच्या वकिलाची फीसुद्धा तुमच्या अंगावर येऊ शकते. विभागापुढच्या कारवाईत पहिल्याच उल्लंघनाला 10,000 डॉलरपर्यंत दंड आहे. तो मेसेज डिलीट करू नका, केलात तर तेच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. त्या जोडप्याला खुलासा पाठवायलाही जाऊ नका. आधी स्थानिक वकिलाला दाखवा.

आता धर्मस्वातंत्र्य. 1990च्या स्मिथ खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की सगळ्यांना सारखा लागू होणारा कायदा श्रद्धेच्या आड येतो म्हणून त्यातून सूट मिळत नाही. तुमच्याच राज्यात ओशन ग्रोव्हच्या मेथडिस्ट संस्थेनं समुद्रकाठचा मंडप एका समलिंगी जोडप्याला नाकारला. मंडप लोकांसाठी खुला ठेवला होता, म्हणून 2012 मध्ये निकाल संस्थेविरुद्ध गेला. धार्मिक संस्थेची ही गत, तर तुमचा तर व्यवसाय आहे. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोच्या केकवाल्याचा 2018चा निकाल पुष्कळजण चुकीचा सांगतात. तो जिंकला, कारण राज्याच्या आयोगानं त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेनं शेरे मारले होते. केक नाकारायचा हक्क त्या निकालानं दिला नाही.

संरक्षण आलं ते 2023च्या 303 क्रिएटिव्ह खटल्यात, 6 विरुद्ध 3 मतांनी, आणि तेही भाषणस्वातंत्र्याखाली. समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवायच्या नसलेल्या डिझायनरला स्वतःला न पटणारा मजकूर रचायला सरकार भाग पाडू शकत नाही, असा निकाल लागला. मात्र ग्राहक कोणीही असो, इतर काम करू, हे तिनं आधीच मान्य केलं होतं.

म्हणून तुमच्या कामांची वाटणी करून बघा. मंगलाष्टकं तुम्ही स्वतः रचता, दोन्ही घरांची नावं गुंफता, तुमचीच माणसं ती म्हणतात. तिथे तुमची बाजू सर्वांत भक्कम. पण नकार मजकुराला हवा, माणसाला नको. कसोटी अशी लावा: त्याच लग्नासाठी नवऱ्यामुलाची बहीण मंगलाष्टकं मागायला आली, तरी नाही म्हणाल का? आणि एखादी समलिंगी मुलगी आपल्या भावाच्या लग्नासाठी मागायला आली, तर लिहून द्याल ना? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पाय रोवून उभं राहता येईल. ठरलेल्या मंगलाष्टकांत नुसती नावं बदलून देत असाल, तर हा आधार बराच पातळ होतो.

मांडव, खुर्च्या, फुलं यांत नकाराला जागाच नाही, असं मी स्पष्ट सांगेन. कॅटलॉगमधला झेंडूचा मांडव दोघांसाठी उभा राहिला म्हणून तुमच्या तोंडी कुठलंही विधान जात नाही. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानंही 2025 मध्ये, समलिंगी जोडप्याला अक्षर नसलेला साधा पांढरा केक नाकारणाऱ्या बेकरीविरुद्धच निकाल दिला. फोटोंचा प्रश्न मात्र अधांतरी आहे. न्यू मेक्सिकोचं सर्वोच्च न्यायालय 2013 मध्ये फोटोग्राफरच्या विरोधात गेलं, तर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या एका फोटोग्राफरचा दावा अपील न्यायालयानं पुढे चालू दिला. यात पडायचं तर वर्षानुवर्षांच्या खटल्याची तयारी हवी.

या मुलांना नेहमीच्या वेळेत, नेहमीच्या दरानं मांडव-फुलांचं कोटेशन पाठवा. मंगलाष्टकं द्यायची नसतील तर एका ओळीत, त्यांच्याबद्दल एक शब्दही न लिहिता कळवा. ‘तारीख बुक आहे’ असं खोटं लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्याच तारखेला दुसरं काम घेतलंत, की ते दोन ईमेल शेजारीशेजारी ठेवूनच दावा सिद्ध होतो. वेबसाइटवर ‘अमुक लग्नं घेत नाही’ अशी सूचनाही टाकू नका, तशी जाहिरात हेच वेगळं उल्लंघन आहे.

गुरुजींचं वेगळं. लग्न लावायचं की नाही हा त्यांचा हक्क आणि तो त्यांच्यापुरताच. ‘आमचे गुरुजी येणार नाहीत’ म्हणून तुम्हाला मांडव नाकारता येणार नाही. गुरुजी तुमच्या पॅकेजमध्ये असतील, तर ती सेवा आताच वेगळी काढा आणि दक्षिणेचा व्यवहार थेट त्यांच्याशी करायला सांगा.